अपील सभेपुढे नको

विषयपत्रिकेवर तो आठवा विषय होता. सातव्या विषयात हिशेबतपासनीसांची नेमणूक झाली, नववा आभारप्रदर्शनाचा, आणि या दोहोंच्या मध्ये एका माणसाचे सभासदत्व. कार्यकारिणीने त्याला काढून टाकले होते आणि घटनेप्रमाणे त्याने सर्वसाधारण सभेकडे अपील केले होते. अध्यक्षांनी विषय वाचला, चिटणीसांनी दोन वाक्यांत आरोप सांगितले, त्याला बोलायला पाच मिनिटे मिळाली. चौथ्या मिनिटाला मागच्या रांगेतून कोणीतरी ‘आवरा आता’ म्हणाले. मग हात वर झाले. सगळे अकरा मिनिटांत आटोपले. वेळ नेमकी आठवते, कारण मी तेव्हा सहचिटणीस होतो आणि इतिवृत्त लिहायचे काम माझ्याकडे होते. वर झालेल्या हातांत एक हात माझाही होता.

प्रकरणाचे कागद मी वाचले नव्हते. सभागृहातल्या कोणीच वाचले नसावेत. त्यांची एकच प्रत होती आणि ती चिटणीसांच्या पिशवीत होती.

तेव्हापासून माझे एक मत हळूहळू पक्के होत गेले आहे, आणि संस्थांमध्ये आयुष्य घालवलेल्या मित्रांना ते लोकशाहीविरोधी वाटते. सभासदावर झालेल्या कारवाईचे अपील सर्वसाधारण सभेकडे जाऊ नये. सभेने नियम करावेत, अपील ऐकणारी माणसे निवडावीत, वर्षातून एकदा त्यांच्या कामाचा हिशेब मागावा. पण अमुक माणसाने अमुक कृत्य केले की नाही आणि केले असल्यास त्याला शिक्षा कोणती, यावर सभेने हात वर करू नयेत.

घटनेत ती तरतूद येते कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. नवी संस्था निघते तेव्हा उत्साहाच्या भरात कोणीतरी जुन्या संस्थेची घटना आणतो, नाव आणि उद्दिष्टे बदलतो, बाकीचे तसेच उतरवतो. कारवाईचे कलम शेवटाकडे असते. ‘संस्थेच्या हितास बाधक वर्तन केल्यास कार्यकारिणी सभासदत्व रद्द करू शकेल, या निर्णयाविरुद्ध सर्वसाधारण सभेकडे अपील करता येईल व सभेचा निर्णय अंतिम राहील.’ वाचताना खटकत नाही. कार्यकारिणीच्या वर सभा आहे, तेव्हा कार्यकारिणीच्या निर्णयावरचे अपीलही सभेकडेच, हे सरळ वाटते. पण सभा वर आहे ती धोरणाच्या बाबतीत. पुरावा ऐकायला आणि तोलायला लागते ती वेगळी ताकद, आणि ती उंचीवरून ठरत नाही.

या प्रश्नावर मला सापडलेले सगळ्यात जुने आणि अजूनही सगळ्यात उपयोगी प्रकरण विनयपिटकातले, म्हणजे बौद्ध भिक्खूसंघाच्या नियमग्रंथातले आहे. बुद्धांच्या परिनिर्वाणाला शंभर वर्षे झाल्यावरची ही गोष्ट, असे त्यातला चुल्लवग्ग हा भाग सांगतो. वैशालीचे वज्जिपुत्तक भिक्खू उपोसथाच्या (व्रताच्या) दिवशी काशाच्या भांड्यात पाणी भरून संघाच्या मध्यभागी ठेवत आणि आलेल्या उपासकांना नाणी टाकायला सांगत. यस नावाचा भिक्खू तिथे आला. त्याने उपासकांना सांगितले, देऊ नका, भिक्खूंना सोनेरूपे घेता येत नाही. लोकांनी दिलेच. रात्री वाटणी झाली तेव्हा यसाचाही वाटा काढला गेला. त्याने तो घेतला नाही. झाले, मग यसावरच कारवाई. श्रद्धाळू उपासकांची त्याने निंदा केली, तेव्हा त्याने जाऊन त्यांची क्षमा मागावी, असा ठराव संघाने केला. यस गेला, पण क्षमा मागण्याऐवजी विनयाचा नियम काय आहे हे त्याने लोकांना समजावून सांगितले आणि लोकांना ते पटले. तेव्हा स्थानिक संघाने त्याला निलंबित करायचे ठरवले.

तक्रार करणाऱ्यालाच आरोपी करणे किती जुने आहे पाहा! आणि ठराव रीतसर झाला असता, बहुमतानेच झाला असता.

यसाने पुढे जे केले ते अपीलच होते. तो वैशाली सोडून गेला, पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या भिक्खूंना निरोप धाडले, वडीलधाऱ्या थेरांना गाठले. त्यांत रेवत हा मोठा विद्वान. वैशालीकरांनाही हे कळले. त्यांनी पात्रे, चीवरे घेऊन रेवताला गाठले. त्याने काही घेतले नाही. मग ते उत्तर नावाच्या त्याच्या सेवकाकडे वळले. उत्तराने भिडेखातर एक चीवर घेतले आणि गुरूकडे त्यांची रदबदली केली. रेवताने त्याला दूर केले. अपील ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचायचे मार्ग तेव्हाही त्याच्या सेवकाच्या दारातूनच जात होते.

शेवटी सातशे भिक्खू वैशालीला जमले. आता बहुमताने निर्णय घ्यायला हरकत नव्हती. संघाची परंपराच सर्वांनी मिळून ठरवण्याची. पण चर्चा सुरू झाली आणि बोलण्याला अंत लागेना, कोणत्याच बोलण्याचा अर्थ स्पष्ट होईना, असे मूळ ग्रंथच म्हणतो. तेव्हा रेवताने विनयातलाच एक उपाय पुढे केला. त्याचे नाव उब्बाहिका. सभेतून थोडी जाणती माणसे बाजूला काढायची आणि प्रश्न त्यांच्याकडे सोपवायचा. पूर्वेकडचे चार आणि पश्चिमेकडचे चार, असे आठजण निवडले गेले. ते वेगळ्या, शांत जागी बसले. एकेक मुद्दा घेऊन प्रश्न विचारला गेला, नियम कुठे सांगितला हे पाहिले गेले, निर्णय झाला. मग तीच प्रश्नोत्तरे पुन्हा सगळ्या संघापुढे झाली, सर्वांना ऐकू जातील अशी.

सभा नेमते, थोडे लोक ऐकतात आणि ठरवतात, कारणे पुन्हा सभेपुढे येतात. मला याहून जास्त काही म्हणायचे नाही.

एक खोट मात्र दडवून चालणार नाही. पश्चिमेकडच्या चौघांत यस स्वतः होता. ज्याच्या तक्रारीवरून सगळे पेटले तोच निवाड्याला बसला. मुद्दे नियमांच्या अर्थाचे होते, त्याच्या निलंबनाचे नव्हते, अशी सारवासारव करता येईल. पण आजच्या कसोटीवर ते उतरत नाही. उतरू नयेच.

या कसोटीबद्दल संस्थांमध्ये एक सोयीचा गैरसमज आहे. संबंधित माणूस त्या विषयापुरता उठून बाहेर गेला म्हणजे झाले, असे समजले जाते. इतिवृत्तात तसे आवर्जून लिहिले जाते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये क्रैपक खटल्यात ही पळवाट बुजवली. भारतीय वनसेवेसाठी उमेदवार निवडणाऱ्या मंडळावर एक अधिकारी बसला होता आणि तो स्वतःही उमेदवार होता. त्याच्या नावाची चर्चा झाली तेव्हा तो बाजूला राहिला. प्रतिस्पर्ध्यांच्या नावांच्या वेळी मात्र हजर होता आणि अंतिम यादी करण्यातही सहभागी होता. न्यायालयाने ती निवड रद्द केली. एकत्र काम करणाऱ्या माणसांवर एकमेकांचा प्रभाव नकळत पडतो, खुर्ची काही मिनिटे रिकामी ठेवून तो पुसता येत नाही. त्याहून शंभरेक वर्षे आधी, १८५२ मध्ये, तेव्हा सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या ब्रिटिश उमराव सभेने खुद्द लॉर्ड चॅन्सेलरचा, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या न्यायाधिकाऱ्याचा निकाल रद्द केला होता, कारण खटल्यातल्या कालवा कंपनीचे भाग (शेअर) त्याच्या नावावर होते. त्या भागांमुळे तो वाहवला असेल असे कोणीच म्हणत नव्हते. तरीही निकाल टिकला नाही.

आता सर्वसाधारण सभेकडे पाहा. तिथे संबंधित नसलेला कोण असतो? आरोपीचा भाऊ असतो, तक्रारदाराची मैत्रीण असते, मागच्या निवडणुकीत आरोपीने ज्याला पाडले तो असतो. ज्या कार्यकारिणीच्या निर्णयाविरुद्ध अपील आहे ती आख्खी व्यासपीठावर बसलेली असते, तिचा अध्यक्षच सभा चालवतो आणि तिचे सगळे सदस्य मत देतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ. न्यायाधीशाचा हितसंबंध असू नये म्हणून इतकी शतके जी काळजी घेतली गेली, ती दोनशे माणसांना एकदम न्यायाधीश केले की आपोआप अनावश्यक ठरते, असे आपण कशावरून धरतो? संख्या वाढली की पक्षपात पातळ होतो, असे कोणी म्हणेल. माझा अनुभव उलटा आहे. सभेत पक्षपाताला गट मिळतो.

लोकांनी थेट माणसावर मत देण्याचा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग अथेन्सचा. शहरातून कोणाला घालवायचे ते नाव खापरीवर कोरायचे. किमान ६,००० खापऱ्या पडाव्या लागत. आरोप नसे, बचावही नसे. इसवी सनापूर्वी ४८२ च्या सुमारास अॅरिस्टायडिस या तिथल्या पुढाऱ्याला असे घालवले गेले. प्लुटार्क हा प्राचीन ग्रीक चरित्रकार सांगतो की मतदानाच्या दिवशी एका निरक्षर माणसाने त्याला न ओळखता त्याच्याच हाती खापरी दिली आणि म्हणाला, यावर अॅरिस्टायडिस लिही. त्याने तुझे काय बिघडवले, असे विचारल्यावर उत्तर आले, काही नाही, त्याला जिथे तिथे ‘न्यायी’ म्हणतात ते ऐकून कंटाळलो. गोष्ट खरी असो वा रचलेली, ज्याने वार्षिक सभा जवळून पाहिल्या आहेत त्याला ती परकी वाटणार नाही. तरी अथेन्सच्या बाजूने एवढे सांगायला हवे की ती हद्दपारी दहा वर्षांची असे, मालमत्ता शाबूत राही आणि परत यायची तारीख ठरलेली असे. आपल्या ‘कायमचे रद्द’ या शब्दांपेक्षा ते बरे.

माझ्या मताला येणारा पहिला आक्षेप अर्थातच सार्वभौमत्वाचा. संस्था सभासदांची आहे. कोण राहील, कोण जाईल, हे त्यांनी नाही तर कोणी ठरवायचे? हा आक्षेप पोकळ नाही. मूठभर लोकांच्या मंडळाने विरोधकांना एकेक करून बाहेर काढले तर सभा हाच शेवटचा आधार असतो. म्हणूनच मंडळ निवडण्याचा आणि बदलण्याचा हक्क सभेकडे हवा, आणि मंडळ कार्यकारिणीला उत्तरदायी असता कामा नये. पण सार्वभौम असणे म्हणजे प्रत्येक काम स्वतः करणे नव्हे. सभा हिशेब स्वतः तपासत नाही. तपासनीस नेमते आणि अहवाल ऐकते. हिशेबाच्या वहीला जी शिस्त लावतो ती माणसाच्या अब्रूला लावायला काय हरकत आहे?

काही ठिकाणी कायदा किंवा उपविधीच सांगतात की सभासदाला काढायचा ठराव सर्वसाधारण सभेतच आणि विशेष बहुमताने व्हावा. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. पण सभेपुढे जाण्याआधी बाहेरच्या तिघांनी पुरावा ऐकून लेखी निष्कर्ष द्यावा, तो सभासदांना आधी मिळावा आणि सभेने तो स्वीकारावा किंवा फेरसुनावणीसाठी परत पाठवावा, एवढी सोय त्या चौकटीतही करता येते.

अंतर्गत अपिलाला इतके महत्त्व का द्यायचे, शेवटी न्यायालय आहेच की, असे काहीजण म्हणतात. आहे, पण ते वेगळ्या कामासाठी. फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या एका लॉजच्या, म्हणजे शाखेच्या, सभासदाचे प्रकरण साठच्या दशकाच्या सुरुवातीला भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. सभासदत्व हे संस्था आणि सभासद यांच्यातल्या करारासारखे आहे. संस्थेने स्वतःचे नियम काटेकोर पाळले का, सद्भावनेने वागली का, म्हणणे मांडायची रास्त संधी दिली का, हे न्यायालय पाहील. निर्णय गुणवत्तेवर बरोबर की चूक, यासाठी ते अपील न्यायालय होऊन बसणार नाही, असा त्या निकालाचा रोख. सभासद हरला. म्हणजे ‘त्या दिवशी नेमके काय घडले’ हा प्रश्न पुन्हा उघडायची जागा फक्त संस्थेच्या आत आहे. तिथे अकरा मिनिटे मिळाली, की संपले.

मग पहिली सुनावणी कशीबशी आणि अपील चांगले, असे चालेल का? इंग्लंडच्या न्यायालयांत यावर मजेशीर वाद झाला आहे. १९७० मध्ये कामगार संघटनेच्या एका सभासदाचे प्रकरण आले. त्याला न ऐकताच काढले होते, पुढे अपिलात मात्र नव्याने आणि नीट ऐकले गेले. न्यायमूर्ती मेगारी यांनी विचारले की अन्यायकारक सुनावणी आणि न्याय्य अपील यावर माणसाने समाधान का मानायचे, त्याला दोन्ही ठिकाणी न्याय मिळायला नको का? मूळ दोष अपिलाने धुतला जात नाही, असे त्यांचे मत पडले. १९७९ मध्ये राष्ट्रकुल देशांतली अपिले ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ऑस्ट्रेलियातल्या घोड्यांच्या शर्यतींच्या एका प्रकरणात हे मत इतक्या सरसकट मान्य केले नाही. संस्थेत येताना माणूस तिची सगळी व्यवस्था मान्य करून येतो, तेव्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा एकूण व्यवहार रास्त झाला का ते पाहावे, असे त्यांनी म्हटले. कायदा म्हणून दुसरे मत जास्त व्यवहार्य आहे. पण संस्थेच्या चिटणीसाने घरी भिंतीवर लावायचे ते पहिले. ‘काही चुकले तर अपिलात बघू’ ही वृत्ती एकदा शिरली की कारणे दाखवा नोटीस मोघम निघते, पुरावा जोडला जात नाही, सुनावणीची तारीख आदल्या संध्याकाळी कळवली जाते. आणि वर बसलेल्यांना आपल्याच सहकाऱ्यांचा निर्णय उलटवणे जड जाते. पहिल्या पायरीवर पडलेला शिक्का पुसायला अपिलात दुप्पट जोर लागतो.

विनयात यासाठी एक साधी कसोटी आहे. ज्याच्यावर कारवाई ती त्याच्या समक्ष झाली नाही, त्याला विचारले गेले नाही, किंवा त्याने कबूल केल्यावाचून झाली, तर ते कर्म अधर्म. कबुलीची अट आज जशीच्या तशी घेता येणार नाही, नाही तर फक्त प्रामाणिक माणसांनाच शिक्षा होईल. पण समक्षता आणि विचारणा या दोन गोष्टी किती नोटिशींत असतात ते आपापल्या दप्तरात बघावे.

आतापर्यंत मी आरोपीच्या बाजूने बोलतो आहे असे वाटेल. सभेतल्या अपिलाविरुद्धचे माझे सगळ्यात मोठे कारण मात्र दुसऱ्या बाजूचे आहे.

त्या दिवशीच्या प्रकरणात दोन आरोप होते. संस्थेचे छापील पत्र स्वतःच्या कामासाठी वापरल्याचा एक, आणि कार्यालयातल्या एका कर्मचारी बाईंना अर्वाच्य बोलल्याचा दुसरा. त्या पाच मिनिटांत तो म्हणाला, मी असे बोललोच नाही. तेव्हा सभेतून आवाज आला, बाईंनाच विचारा, त्या इथेच आहेत. त्या खरोखर तिथेच होत्या, दाराजवळ उपस्थितीच्या वहीपाशी. दोनशे माना वळल्या. त्या उभ्या राहिल्या, म्हणाल्या, ‘मला काही सांगायचं नाही,’ आणि पुन्हा बसल्या. काहींनी याचा अर्थ काढला की तक्रार खोटी आहे. काहींनी अर्थ काढला की तो फारच घाण बोलला असणार. दोघांनीही आपापल्या अर्थाप्रमाणे मत दिले.

शब्दांचा, स्पर्शाचा, पैशाच्या मागणीचा अनुभव दोनशे ओळखीच्या माणसांसमोर सांगावा लागेल हे कळल्यावर कोण तक्रार करील? आणि केली, कार्यकारिणीपुढे सांगितलीही, तरी आरोपीने अपील केले की पुन्हा हेच. अशा संस्थेत तक्रारी कमी असतात आणि त्याला ‘आमच्याकडे असले काही होत नाही’ म्हणतात. तिघांच्या बंद खोलीत तक्रारदाराला नीट विचारता येते, आरोपीला प्रश्न मंडळामार्फत करता येतात, गरज पडली तर दोघांना समोरासमोर न आणताही उलटतपासणी होऊ शकते. सभेत यातले काही शक्य नाही. शिवाय अपिलाचा हक्क बहुधा फक्त आरोपीला दिलेला असतो. तक्रार फेटाळली गेली तर तक्रारदाराने कुठे जायचे? त्यालाही कारणे मागण्याचा आणि एकदा फेरविचार मागण्याचा हक्क हवा.

गुप्तता म्हटली की लोकांना झाकपाक आठवते, आणि ती शंका रास्त आहे. सीमा कुठे आखावी यावर सभाशास्त्रात जुना विचार आहे. हेन्री रॉबर्ट या अमेरिकन लष्करी अभियंत्याने १८७६ मध्ये लिहिलेली नियमपुस्तिका आजही सुधारित स्वरूपात वापरली जाते. सभासदाला काढले, एवढे संस्थेने बाहेर सांगावे, आरोप काय होता ते सांगू नये, असा तिचा दंडक. मी त्यात भर घालीन. सभासदांना नावे न देता दरवर्षी कळावे की किती तक्रारी आल्या, किती दिवसांत निकाली निघाल्या, किती अपिले मान्य झाली. नाव झाकावे, काम उघडे ठेवावे.

ओळखीचा जाच फक्त लहान संस्थांनाच असतो असे नाही. स्वीडिश अकादमी १७८६ पासूनची, सदस्य अठरा, साहित्याचे नोबेल देणारी. २०१७ च्या अखेरीस एका सदस्य कवयित्रीच्या पतीवर गंभीर आरोप झाले आणि अकादमीतली गुपिते फुटल्याचाही संशय आला. वकिलांकडून चौकशी झाली. पण त्या सदस्येचे काय करायचे हे शेवटी उरलेल्या सदस्यांनीच, तिच्या मित्रांनी आणि विरोधकांनी, मतांनी ठरवले. तिला ठेवायचे ठरले, तर एप्रिल २०१८ मध्ये तिघांनी अकादमीच्या कामातून अंग काढून घेतले. त्यातही घोडे अडले, कारण सदस्यत्व तहहयात आणि राजीनाम्याची सोयच नव्हती. राजाला नियम बदलावे लागले. त्या वर्षीचे साहित्याचे नोबेल पुढे ढकलले गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीची तऱ्हा आणखी वेगळी. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला २०१९ पर्यंत सदस्याला काढण्याची तरतूदच नव्हती. १५६ वर्षे! निवड एकदा झाली की माणूस चुकणारच नाही, असे मानण्यात एक प्रकारचा दिमाख असतो. तरतूद आल्यावर २०२१ मध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली.

प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो तिथे स्वतंत्र माणसे आणायची कुठून? बाहेरून. सारख्या कामाच्या दोन-तीन संस्थांनी एकमेकींची अपिले ऐकायचे ठरवले तर खर्चही येत नाही. एक त्या दुसऱ्या संस्थेचा, एक न्यायिक अनुभव असलेला निवृत्त, एक कोणत्याच संस्थेचा नसलेला. तिघांची नावे वाद नसताना ठरावीत. वाद उभा राहिल्यावर नेमलेला प्रत्येक माणूस कोणाचा तरी असतो. आणि त्यांच्या बैठकीचा खर्च, कारकून, जागा हे सगळे ज्यांच्याविरुद्ध अपील आहे त्यांच्याच हाती ठेवू नये. खेळाच्या जगाने हा धडा जाहीरपणे घेतला. लोझानचे क्रीडा लवाद न्यायालय १९८४ मध्ये सुरू झाले ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या पैशावर आणि तिच्या छायेत. १९९३ मध्ये एका घोडेस्वाराच्या प्रकरणात स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने या लवादाला मान्यता तर दिली, पण समिती स्वतः पक्षकार असेल तेव्हा हे नाते अडचणीचे ठरेल, असेही बजावले. पुढच्याच वर्षी लवादाचा कारभार आणि पैसा वेगळ्या परिषदेकडे गेला.

राजीनाम्याबद्दल थोडे. चौकशी सुरू होताच सभासद राजीनामा देतो आणि कार्यकारिणी सुटकेचा श्वास टाकते, सुंठीवाचून खोकला गेला. तक्रारदार मात्र तिथेच उभा राहतो आणि तो सभासद दोन वर्षांनी नवा अर्ज भरतो. राजीनामा स्वीकारावा, पण चौकशी पूर्ण करून निष्कर्ष नोंदवावा. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेच्या चित्रपट अकादमीच्या एका अभिनेत्याने समारंभात मंचावर जाऊन पुरस्कार जाहीर करायला आलेल्या विनोदवीराला थप्पड मारली आणि १ एप्रिल २०२२ रोजी राजीनामा दिला. अकादमीने तो घेतला आणि तरीही ८ एप्रिलला त्याला दहा वर्षे आपल्या कार्यक्रमांना येण्यास बंदी केली. शिक्षा जास्त की कमी हा वाद वेगळा. दार लावून घेतले म्हणून प्रश्न मिटला, असे त्यांनी मानले नाही.

शिक्षेच्या बाबतीत आपल्या घटना फार कंजूष असतात. एक ताकीद आणि एकदम हकालपट्टी, मध्ये काही नाही. मग ज्याला सहा महिने समितीबाहेर ठेवायला हवे त्याला एक तर सोडले जाते किंवा घालवले जाते. विनयात भिक्खूला कायमचे बाहेर काढणारे अपराध चारच. त्याखालच्या तेरा अपराधांसाठी वाट आखलेली आहे: जितके दिवस अपराध लपवला तितके दिवस परिवास, म्हणजे वेगळे राहणे, मग सहा रात्रींचे मानत्त हे प्रायश्चित्त आणि शेवटी किमान वीस भिक्खूंच्या संघाने समारंभपूर्वक परत घ्यायचे. लपवण्याच्या दिवसांवरून शिक्षेची लांबी ठरवणे मला विलक्षण शहाणपणाचे वाटते. कबूल करण्याची घाई व्हावी अशी रचना आहे ती. आणि परत घ्यायला वीसजण लागतात, म्हणजे परत येणे हीदेखील सर्वांसमोर घडणारी गोष्ट आहे. बहुतेक घटनांत परत येण्याचे कलमच नसते.

अपील चालू असताना शिक्षा थांबवावी का? बहुधा होय, पण तक्रारदाराला धोका असेल, पैशाचे व्यवहार हातात असतील, तर तात्पुरते निलंबन राहू द्यावे आणि तसे कारण लिहावे. अपिलात शिक्षा वाढवू नये, नाही तर भीतीने कोणी येणारच नाही. मुदत ठरवावी. भिजत पडलेले घोंगडे दोन्ही बाजूंना सारखेच जड होते.

त्या सभेनंतर सुमारे महिन्याने त्याचे पत्र आले. साधे, एका पानाचे. माझे अपील कोणत्या कारणांनी फेटाळले, ते लेखी कळवावे. दोन आरोपांपैकी कोणता सिद्ध झाला, हेही कळवावे. उत्तराचा मसुदा करण्यासाठी ते माझ्याकडे आले आणि मी पहिल्यांदाच त्या प्रकरणाची फाइल उघडली. छापील पत्र वापरायला आधीच्या चिटणीसांनी दिलेली लेखी परवानगी तिच्यात होती, तारखेसह. अर्वाच्य बोलण्याबद्दल बाईंचा जबाब होता, आणि तो वाचून मला वाटले की हा माणूस तसे बोलला असणार. म्हणजे एक आरोप टिकत नव्हता, एक बहुधा टिकत होता, आणि दोन्ही मिळून दिलेली शिक्षा कशाची होती ते कोणालाच सांगता आले नसते.

मी माझेच इतिवृत्त काढून पाहिले. आठव्या विषयाखाली एक ओळ होती, ‘सविस्तर चर्चा होऊन अपील बहुमताने फेटाळण्यात आले.’ कारण लिहायला कारणच नव्हते. चिटणीस म्हणाले, सभेचा निर्णय अंतिम आहे, एवढेच कळवा. मी तेवढेच कळवले, संस्थेच्या छापील पत्रावर.